देणाऱ्याची अट

‘ज्ञान दिल्याने वाढतं’ हे वाक्य शाळेच्या भिंतीवर वाचत आपण मोठे झालो. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला तर ते मनापासून पटतं. लिनक्स, पायथन, विकिपीडिया, हे सगळं अनोळखी माणसांनी फुकट देऊन ठेवलेलं आहे आणि त्याच्या जिवावर माझा पगार चालतो. त्यामुळे ‘हे ज्ञान आमचं आहे, विचारल्याशिवाय हात लावू नका’ असं कुणी म्हणालं की आधी कपाळाला आठ्या पडतात. ज्ञानाला कसली आलीय मालकी?

पण त्या वाक्यात ‘दिल्याने’ असा शब्द आहे, ‘घेतल्याने’ असा नाही. या दोन शब्दांत नेमका किती फरक आहे, हा काही विद्यापीठांत आता पदव्युत्तर अभ्यासाचा विषय झालाय. न्यूझीलंडमध्ये फाकाताने नावाच्या गावात आवानुइआरांगी ही माओरींची उच्चशिक्षण संस्था आहे. तिथे मूळनिवासी ज्ञानपरंपरांवर मास्टर्स आणि पीएचडी करता येते. अशा अभ्यासक्रमांत संशोधनाची पद्धतच तपासायला घेतात. प्रश्न मुळात कुणाला पडला? उत्तराचा फायदा कुणाला? आणि लिहून झाल्यावर ते कागद राहणार कुणाकडे? लिंडा तुहिवाई स्मिथ या माओरी विदुषीचं १९९९ सालचं ‘डिकॉलोनायझिंग मेथडॉलॉजीज’ हे इथलं पायाभूत पुस्तक. ज्यांच्या पूर्वजांच्या कवट्या मोजल्या गेल्या आणि ज्यांच्या वस्तू परक्यांच्या संग्रहालयांत जाऊन बसल्या, त्यांना ‘संशोधन’ हा शब्द ऐकून काय वाटतं, तिथून त्या सुरुवात करतात.

हे जुन्या काळाचं झालं, असं वाटेल. तर अलीकडचं एक प्रकरण बघा. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाची छोटी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. शोध मधुमेहाचा आहे, अशी लोकांची समजूत होती. सही घेतलेल्या कागदावरची भाषा मात्र मोघम होती. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा, जवळच्या नात्यांतल्या संबंधांचा आणि जमातीचे पूर्वज कुठून आले याचाही अभ्यास झाला. २००३ मध्ये जमातीतली एक स्त्री विद्यापीठातल्या पीएचडीच्या सादरीकरणाला जाऊन बसली, तेव्हा हे उजेडात आलं. प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये तडजोड झाली: ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर, आणि उरलेलं रक्त परत.

आता एक रास्त शंका. दुसऱ्यांदा कुणाला सुई टोचली नव्हती. रक्त फ्रीजरमध्ये पडूनच होतं. त्यातून काही खरं हाती लागलं, तर बिघडलं काय? हवासुपाई मानतात की ते त्या दरीतच जन्मले. रक्त म्हणालं की पूर्वज आशियातून आले. मग सत्य दडवायचं का?

मला वाटतं, इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. उत्तर खरं आहे का, हा एक प्रश्न. या माणसाच्या रक्ताला तो प्रश्न विचारायचा अधिकार तुम्हाला होता का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप ‘हो’ येत नाही. मैत्रिणीने विश्वासाने अनलॉक करून दिलेल्या फोनमधले मेसेज वाचून कळलेली गोष्ट शंभर टक्के खरी असू शकते. फोन तिने फक्त एक कॉल करायला दिला होता, हे त्याने पुसलं जात नाही. क्री समाजातले अभ्यासक शॉन विल्सन यांनी २००८ च्या ‘रिसर्च इज सेरेमनी’ या पुस्तकात हाच मुद्दा मांडला आहे: संशोधन हे नात्यांत घडतं आणि संशोधक त्या नात्यांना बांधील असतो. घेतलेल्या माहितीसोबत एक शब्द दिलेला असतो, तोही सांभाळावा लागतो.

माझ्या धंद्यात हाच पेच आवाजाच्या रूपात येतो. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडे काइताया गावात ‘ते हिकू मीडिया’ ही माओरी रेडिओ संस्था आहे. २०१८ मध्ये त्यांनी लोकांना आपल्या भाषेतली वाक्यं वाचून रेकॉर्ड करायचं आवाहन केलं. १० दिवसांत सुमारे २,५०० लोक पुढे आले आणि ३०० तासांहून जास्त आवाज जमला. त्यातून माओरी ओळखणारं सॉफ्टवेअर तयार झालं. बाहेरच्या एका कंपनीने तासाच्या हिशेबाने पैसे देऊ केले, तेव्हा त्यांनी नकार दिला. त्यांचं लायसन्स ‘काइतियाकितांगा’ या कल्पनेवर उभं आहे. आपला जवळचा शब्द ‘राखण’. हा डेटा आमच्या मालकीचा नाही, आम्ही त्याचे राखणदार, आणि तो ज्यांचा आहे त्यांच्या भल्यासाठीच वापरला जाईल, असा त्याचा अर्थ.

मग २०२२ मध्ये ओपनएआयचं ‘व्हिस्पर’ आलं. इंटरनेटवरून गोळा केलेल्या ६,८०,००० तासांच्या आवाजावर ते शिकलं होतं, आणि त्यात माओरीचेही तेराशेहून जास्त तास होते. ज्यांच्या आजी-आजोबांनी हीच भाषा शाळेत बोलल्याबद्दल मार खाल्ला, त्यांना ती उद्या एखाद्या कंपनीकडून महिन्याच्या वर्गणीवर परत विकत घ्यावी लागेल, ही ते हिकूवाल्यांची भीती अवाजवी म्हणता येत नाही.

‘पण हे ओपन सोर्सच्या विरोधात आहे,’ असं माझ्यासारखे लोक म्हणतात. खरंच आहे का? लिनक्स ज्या जीपीएल लायसन्सखाली मिळतं, त्यालाही अट आहेच: बदल करून पुढे वाटलंत, तर तुमचा कोडही त्याच अटीवर खुला करा. आम्ही ही अट निमूट पाळतो, तिचं कौतुकही करतो. लॅपटॉपवर लिहिणाऱ्या एका माणसाला अट घालायचा हक्क आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या भाषा जिवंत ठेवणाऱ्या समाजाला नाही, हे कुठल्या न्यायाने?

मराठी वाचकाच्या मनात इथे पुष्पक विमान उतरणार, हे मला माहीत आहे. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईतल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला होता. ‘आमचं ज्ञान’ म्हटलं की पडताळणीतून सुटका, हेही त्यातलंच नाही का? न्यूझीलंडमध्येही हा वाद झाला. २०२१ मध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या सात प्राध्यापकांनी ‘लिसनर’ साप्ताहिकात पत्र लिहून माओरी ज्ञान मोलाचं असलं तरी ते विज्ञान नव्हे, असं म्हटलं आणि देशभर गदारोळ उठला. माझ्यापुरतं उत्तर असं: एखादा दावा खरा की खोटा, याची परीक्षा सगळ्यांना सारखीच लागली पाहिजे. विमानवाल्यांना ती परीक्षा नको होती. हवासुपाई आणि ते हिकू काय मागतात? त्यांच्याकडून घेण्याआधी त्यांना विचारावं. या दोन मागण्या एका तराजूत घालता येत नाहीत.

अडचणी संपत नाहीत. समाजाच्या वतीने ‘हो’ किंवा ‘नाही’ कोण म्हणणार? गावचे म्हातारे पुरुष बोलले, म्हणजे बायका आणि पोरं बोलली असं होत नाही. त्यावर सोपा तोडगा मला दिसत नाही. पण विचारायचं कुणाला हे अवघड आहे म्हणून विचारूच नये, असंही ठरत नाही.

आपल्याला हे परकंही नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. या विजयाची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण तो मिळाला छापील पुराव्यांवर. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातलं ज्ञान छापलेलं असेल तरच मोजलं जायचं, नुसतं वापरात असलेलं नाही. म्हणजे मेळघाटातल्या एखाद्या कोरकू आजीला ठाऊक असलेलं, पण कुठेच न छापलेलं औषध त्या कायद्यापुढे शून्य ठरलं असतं.

आपल्याकडे देवराई असते. ती सगळ्या गावाची, कुणीही आत जावं, सावलीत बसावं. कोयता घेऊन जायची मुभा मात्र कुणालाच नाही. देवराईला कुंपण नसतं, तरी अट असते, आणि त्या अटीमुळेच ती टिकते.

गोंडी, भिली, कोरकू बोलणारी यंत्रं आता कुठे घडू लागली आहेत. ती घडवणाऱ्यांत माझ्या वयाचे, मराठी घरांतले इंजिनिअर असणार. ॲक्युरसी किती आली, हे आम्ही एकमेकांना नक्की विचारू. रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी गावात बसून काय बोलणं झालं, कुणी काय अट घातली आणि ती कुठे लिहून ठेवली, हेही तितक्याच सहजपणे विचारता यायला हवं.