नळी नवी, नंबर तोच

एखाद्या वस्तूचे भाग एकेक करून बदलले, तर वस्तू तीच राहते का? प्रश्न फार जुना आहे. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, “रथ म्हणजे नेमके काय? चाक? आस? जू?” मला हा प्रश्न नव्याने पडला तो इथे अमेरिकेत, शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये.

त्याच्या वडिलांची रायफल होती. एका वेळी एकच गोळी भरायची, बिजागरीवर मोडून उघडणारी. नळी आतून गंजलेली, म्हणून नवी बसवायची होती. आपल्याला वाटते, जुनी काढली, नवी लावली, झाले! पण तसे नसते. नळीचा मागचा भाग चौकटीला अचूक भिडावा लागतो. कारागीर जोडावर काजळी धरतो, ती जिथे पुसली जाते तिथे किंचित घासतो, पुन्हा बसवून पाहतो. शेवटी दोन मापे लावतात. एका मापावर रायफल बंद झालीच पाहिजे आणि दुसऱ्या, जरा मोठ्या मापावर बंद होता कामा नये. फट जास्त राहिली तर काडतूस फाटून तप्त वायू झाडणाऱ्याच्याच तोंडावर येऊ शकतो.

आता ही रायफल वडिलांचीच का? अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याचे उत्तर सरळ आहे. घोडा-खटका जिच्यात बसतो ती नुसती चौकटही बंदूकच, आणि सुटी नळी हा केवळ सुटा भाग. नंबर चौकटीवर असतो. नळी बदला, दस्ता बदला, बंदूक तीच. कारण उद्या काही विपरीत घडले, तर माग कशाचा काढायचा हे ठरलेले असावे लागते.

मंडळी, आपणही सुटे भाग बदललेली माणसेच नाही का? भाषा, जेवणाच्या वेळा, उच्चार बदलले. भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने अनेकांनी पासपोर्टही बदलला. मग वीस वर्षांपूर्वी विमानतळावर आईवडिलांना “तुमच्या म्हातारपणी मी आहे” असे सांगणारा तो तरुण कोण होता? “तेव्हाचा मी वेगळा होतो” असे म्हणणे सोपे आहे, आणि ते अगदीच खोटेही नाही.

पण नागसेनाने यावरही विचार केला आहे. आंबे चोरणारा म्हणतो, “याने लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे.” तरी तो दोषीच ठरतो, कारण नंतरचे आंबे आधीच्यातूनच आले. रथात ‘रथ’ सापडत नाही असे दाखवणारा नागसेन जबाबदारी मात्र सुटू देत नाही!

मला वाटते, आपला नंबर तिथेच आहे. जुन्या शब्दाचा जाब विचारल्यावर “हो, तो मीच” असे जो म्हणतो, तो मी. शब्द पाळण्याची रीत बदलेल. कोणी परत जाईल, कोणी आईवडिलांना इकडे आणेल, कोणी तिथे माणूस ठेवून दर सुट्टीत जाऊन येईल. नवे आयुष्य जुन्या शब्दाशी जुळवताना थोडे घासावे लागेल, पुन्हा पुन्हा बसवून पाहावे लागेल. पण नळी बदलली म्हणून नंबर खोडून टाकता येत नाही.