थोमाचे आठ दिवस

वडिलांच्या मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि जमलेल्या मंडळीने एका सुरात आमेन म्हटलं. माझ्या तोंडून ते बाहेर पडलं नाही. पाच महिने घरात अखंड प्रार्थना चालली होती, उपास झाले होते, लांबलांबून माणसं येऊन वडिलांच्या डोक्यावर हात ठेवून गेली होती. तिसऱ्या दिवशी नात्यातल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, “आपला विश्वास कमी पडला रे.” त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ते वाक्य माझ्या छातीत रुतून बसलं. त्यानंतर रविवारी उपासनेत विश्वासाचा अंगीकार म्हणायला सगळे उभे राहिले की मीही उभा राहायचो. एका ओळीपाशी आलो की ओठ मिटायचे.

वडील गंगाखेडला शिक्षक होते. आई अजून तिथेच राहते, म्हणून मी दर पंधरा दिवसांनी परभणीहून परळीकडच्या गाडीने जातो. वाटेत पोखर्णी नृसिंह हे स्टेशन लागतं. देवाचं नाव लावणारं स्टेशन, कारण गावात नृसिंहाचं देऊळ आहे आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचं ते कुलदैवत आहे. वैशाखात नृसिंह जयंतीच्या सुमारास डब्यात पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका खेपेला समोर एक आजी बसल्या होत्या. मांडीवरच्या पिशवीत नारळ, हळदीकुंकवाची पुडी आणि फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी. चौकशीचं बोलणं झालं, कुठलं गाव, कुणाकडे निघालात. मग कळलं की गेल्या साली नातवासाठी त्यांनी इथे नवस बोलला होता आणि नातू गेला. मी न राहवून विचारलं, “मग आता कशाला निघालात आजी?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला साधी गोष्ट कळत नव्हती. “मंग कुठं जाऊ बाबा? भांडायचं म्हनलं तरी त्याच्याचकडं जावं लागतं न्हवं.” गाडी थांबली. त्या पिशवी सावरत उतरल्या आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या.

तिथून पुढे गंगाखेड, जनाबाईचं गाव. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते, त्याच्या नावाने बोटं मोडते, आणि वारकरी तिचे ते अभंग टाळ-मृदंगावर गातात. तुकोबा तर देव आहे की नाही इथपर्यंत जाऊन येतात. त्यांचा विश्वास कच्चा होता असं कोणी म्हणत नाही. देवाशी भांडण्याची जागा या भाषेने फार पूर्वीच राखून ठेवली आहे. तुकारामावर जीव असलेले नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग-ओवीचा सूर आमच्या उपासनेत आणला. आजही आम्ही त्यांची भजनं डोळे मिटून गातो. सूर आमच्याकडे आला, त्या सुरातलं भांडण मात्र वेशीबाहेर राहिलं. मला हे फार मोठं नुकसान वाटतं.

आणि आमचे पूर्वज तर मुळात प्रश्न विचारणारेच होते! नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचंच पाहा. जन्म १८२५ चा, चित्पावन घरातला, वाढ काशीची. विशीत असताना त्यांनी ख्रिस्ती धर्माचं खंडन करणारा ग्रंथ संस्कृतात लिहिला. ज्याचं खंडन करायचं तो धर्म नीट वाचायला हवा, म्हणून वाचत गेले, आणि १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले. इथे गोष्ट संपवली की ती साक्षीच्या सभेत सांगायला सोयीची होते. पण ती तिथे संपत नाही. शंकांनी गोऱ्ह्यांना पुढेही कधी सोडलं नाही. १८९५ मध्ये मुंबईत देह ठेवीपर्यंत ते स्वतःच्या श्रद्धेची झडती घेत राहिले. पंथ बदलला, संन्यस्त बंधुसंघात राहिले, दुसऱ्यांच्या शंका फेडणारी पुस्तकं लिहिली आणि स्वतःच्या शंकांनी रात्री जागवल्या. त्यात सुख नव्हतं. संशय म्हणजे बुद्धीचा दागिना असं बोलणाऱ्यांनी हे आयुष्य एकदा जवळून पाहावं. माणूस त्यात झिजतो. तरी गोऱ्हे उपासनेतून उठून गेले नाहीत, आणि त्यांच्या लेखनाचा आधार ज्यांना झाला त्यांत पंडिता रमाबाई होत्या.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांना आश्रय देणाऱ्या, धर्मशिक्षण देणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना वाटलं असेल की आता ही विदुषी निमूटपणे शिकवलेलं घेईल. झालं उलटंच. त्रैक्य कशावरून? एखाद्या मताला मान तुकवायची तर ते शास्त्रात कुठे आहे ते दाखवा. बिशप सांगतात म्हणून? पुरोहितांचं जू मानेवरून उतरवायला एवढे कष्ट पडले, ते दुसऱ्या कुणाच्या हातून पुन्हा चढवून घ्यायचं नाही, अशा आशयाचं त्यांनी स्वच्छ लिहिलं. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला आहे. वाचताना अंगावर काटा येतो. बाई परक्या देशात आहे, पदरी पोर आहे, अन्न सिस्टरांच्याच घरचं आहे, आणि तरी ‘मला हे अजून पटलेलं नाही’ एवढंच ती पुन्हापुन्हा सांगते. पुढे त्यांनीच आपल्या साक्षीत लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं हाती धर्म आला होता, ख्रिस्त सापडायचा होता. केडगावचं मुक्ती मिशन, हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर, हे सगळं याच बाईच्या हातून झालं. प्रश्न विचारून तिचा विश्वास पातळ झाला असं कोण म्हणेल?

मग त्यांच्या पणतवंडांना प्रश्न विचारायची भीती का वाटते?

पुष्कळ विचार केल्यावर मला जे कारण दिसतं ते असं. आमच्यावर बाहेरून इतका संशय घेतला गेला की आतला संशय बोलायला जागाच उरली नाही. गोऱ्हे, रमाबाई, टिळक ही मोजकी नावं. आमच्यापैकी बहुतेकांचे पूर्वज महार-मांगवाड्यांतले. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल नावाचं गाव वसवलं, त्या परिसरातून आमचं घराणं आलं. माझ्या पणजोबांनी कुठलं दर्शन तपासलं नव्हतं. पण गावाने पाणवठ्यावर पाणी भरू दिलं नाही, आणि हे देवाचंच विधान आहे का, हा प्रश्न त्यांना पडला होता. तो प्रश्न षड्दर्शनांपेक्षा लहान नाही. लोकांनी मात्र म्हटलं, दुष्काळात पोटासाठी बाटले. १८७६ ते १९०० या पंचवीस वर्षांत दख्खनने तीन मोठे दुष्काळ पाहिले, आणि ते वाक्य आमच्या पिढ्यांच्या कपाळावर चिकटून राहिलं. ज्याची श्रद्धा विकत घेतलेली आहे असं सतत ऐकवलं जातं, तो चारचौघांत ‘मला शंका आहे’ असं कसं म्हणेल? म्हटलं की समोरचा म्हणणार, बघा, आम्ही सांगत नव्हतो? म्हणून आवाज चढत गेला, साक्षी पक्क्या होत गेल्या.

सरकारी कागदाने यात भर घातली. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने धर्म पाहून सवलत ठरवली. पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. मग कागदावर एक आणि रविवारी एक असं जगणारी कितीतरी घरं मराठवाड्यात झाली. दाखल्याच्या रकान्यात ‘अर्धा विश्वास, अर्धा प्रश्न’ असं लिहिता येत नाही. बाहेर रकाना, आत अंगीकार, दोन्हीकडे एकच ठाम उत्तर हवं. अशा माणसाने मदर तेरेसांची पत्रं वाचावीत. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली ती छापली गेली. देवाचं सान्निध्य जाणवत नाही, आत काळोख आहे, हे त्यांनी वर्षानुवर्षं आपल्या धर्मगुरूंना कळवलं होतं, आणि सकाळी उठून त्या मरणाऱ्यांची अंगं पुसत होत्या.

शंका घेणाऱ्याला आमच्याकडे ‘संशयी थोमा’ म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आलो, पण एक गोष्ट वडील गेल्यावरच नजरेत भरली. प्रभू उठला आहे असं बाकीच्यांनी सांगितलं, थोमा म्हणाला, खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय मी मानणार नाही. आणि मग आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत काय झालं, योहान सांगत नाही. पण आठ दिवसांनी पुन्हा दारं लावून शिष्य घरात बसले होते तेव्हा थोमा त्यांच्यातच होता. त्यांनी त्याला घालवून दिलं नव्हतं आणि तोही निघून गेला नव्हता. एकाच घरात, एकाच ताटात, पाहिलेले दहा आणि न पाहिलेला एक. जेवताना काय बोलत असतील ते? कुणी त्याला म्हटलं असेल का, तुझा विश्वास कमी पडला रे? आम्ही प्रवचनात थेट जखमांपाशी जातो, तो आठवडा ओलांडून. मला त्या आठवड्यातली मंडळी हवी आहे. आणि परंपरा सांगते की शिष्यांपैकी हिंदुस्थानापर्यंत आला तो हाच थोमा.

परवा गंगाखेडला गेलो तेव्हा आई खाटेवर बसून होती. मोतिबिंदूमुळे तिला आता अक्षर दिसत नाही. वडिलांचं पवित्र शास्त्र तिने उशापाशी ठेवलेलं असतं, कडा तेलकट झालेल्या, मध्ये बसच्या तिकिटांच्या खुणा. “वाचून दाखव,” म्हणाली. मी तेविसावं स्तोत्र काढलं, मेंढपाळाचं, सगळ्यांच्या पाठातलं. “ते नको. अठ्ठ्याऐंशीवं काढ.”

मी तिला सांगितलं की त्या स्तोत्रात शेवटपर्यंत दिलासा नाही, ते काळोखातच संपतं.

“माहीत आहे मला. तुझे वडील दवाखान्यात रोज तेच वाचायला लावायचे.”

मला हे ठाऊक नव्हतं. मी दिवा जवळ ओढला आणि वाचायला लागलो. शेवटची ओळ झाल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली, मग आमेन म्हणाली. माझ्याकडून त्याची वाट न पाहता तिने चहाचं आधण ठेवायला सांगितलं.