सेवेचे श्रेय कोणाचे?



हा लेख मला माझ्या स्वतःच्या चुकीपासून सुरू करावा लागत आहे. आमच्या वस्तीत एक लहानसे विहार आहे. त्याच्या समितीचे चिटणीसपद बरीच वर्षे माझ्याकडे आहे. गेल्या भीमजयंतीला नेहमीप्रमाणे मंडप पडला, मिरवणूक निघाली आणि व्यासपीठावर सत्कार झाले. पाच हजार एक रुपये देणाऱ्यांचा सत्कार झाला, मंडपवाल्याचा झाला, पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्याचा झाला. माझाही झाला, हे सांगितलेच पाहिजे. त्यानंतर मी समितीचा वार्षिक अहवाल वाचला. त्यात एक वाक्य होते: "समितीमार्फत विहारात दररोज सायंकाळी मुलांचा अभ्यासवर्ग चालविला जातो."

हा वर्ग तीन वर्षे एक मुलगी चालवीत होती. ती अकरावीत होती. आई चार घरची धुणीभांडी करते. ही मुलगी संध्याकाळी विहाराचे कुलूप उघडी, झाडून घेई, पंचवीस-तीस मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवी. वर्षावासाच्या तीन महिन्यांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचनही तीच करी. तिच्या मदतीला वस्तीतील दोन मुलगे असत. जयंतीच्या दिवशी हे तिघेही मंडपामागे पाण्याच्या पिंपाजवळ उभे होते.

दुसऱ्या दिवशी तिने विहाराची किल्ली माझ्या घरी आणून दिली. "काका, बारावीचं वर्ष आहे," एवढेच म्हणाली. मला वाटले, सत्कार झाला नाही म्हणून रुसली. मी तिला चार उपदेशाचे शब्द सुनावले. धम्माचे काम मानासाठी करायचे नसते, आपल्या पूर्वजांनी कोणती शाल मागितली होती, वगैरे. तिने ऐकून घेतले आणि मग म्हणाली, "काका, मला शाल नको होती. पण वर्ग समिती चालवते असं तुम्ही वाचलंत. सगळी मुलं माझ्याकडे वळून बघायला लागली. मी त्यांना काय सांगू, तुम्ही खोटं बोललात म्हणून?"

ती निघून गेली. वर्ग बंद पडला. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. तरुणांनी समाजासाठी केलेल्या कामाची कदर करावी की करू नये? करावी तर ती का? हा शिष्टाचाराचा प्रश्न आहे, की शीलाचा?

अनेक वडीलधारी माणसे म्हणतात की पोरांचे फार कौतुक करू नये, डोक्यात हवा जाते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो प्रत्यक्ष सुभेदार रामजींनी घेतला होता. बाबासाहेब लहानपणी परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा वस्तीतील लोकांनी त्यांचा जाहीर सत्कार करावयाचे ठरविले. चरित्रकार ही १९०७ सालची मॅट्रिकची परीक्षा होती असे सांगतात; बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे ते इंग्रजी चौथीबद्दल. ते काही असो. सुभेदारांनी नकार दिला. पोरगा एक परीक्षा पास झाला, याहून त्याने काय केले आहे, उगाच शेफारून जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. लोक मग कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांच्याकडे गेले. केळूसकर गुरुजींनी सुभेदारांची समजूत घातली आणि सभा भरली. त्या सभेत गुरुजींनी त्या मुलाच्या हातात स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र ठेवले.

पुढे काय झाले ते तुम्ही जाणता. त्या पुस्तकाने आपल्या मनावर खोल परिणाम केला हे बाबासाहेबांनीच सांगितले आहे. गुरुजी मात्र पुस्तक देऊन मोकळे झाले नाहीत. कॉलेजच्या शिक्षणाची अडचण आली तेव्हा ते या मुलाला घेऊन सयाजीराव महाराजांकडे गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दिवस अनेक कारणांनी उगवला. पण एका चाळकरी मुलाचे कौतुक झाले पाहिजे असे वस्तीतील साध्या माणसांना वाटले, हेही त्या कारणांत मोडते. सुभेदारांची काळजी खोटी नव्हती. वस्तीचा आग्रहही खोटा नव्हता. फरक पडला तो कौतुक कशाने केले आणि त्यानंतर काय केले, यात.

आता तथागतांकडे वळू. ज्यांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे त्यांना कदाचित असे वाटेल की बौद्ध धम्म स्तुतीला वाईट समजतो. लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख हे आठ लोकधर्म आहेत आणि त्यांनी मन हलू देऊ नये, ही शिकवण आपण प्रवचनात ऐकतो. ती खरीच आहे. परंतु ती स्तुती ऐकणाऱ्याने आपल्या मनाशी बाळगायची शिकवण आहे. स्तुती चुकविणाऱ्या समाजाला तिच्याआड लपता येत नाही. स्वतः भगवंतांनी आपल्या शिष्यांचे गुण नाव घेऊन सांगितले आहेत. अंगुत्तर निकायात ती मोठी यादीच आहे. विनय जाणणाऱ्यांत अग्र कोण? उपाली, हा शाक्यांचा न्हावी होता. बहुश्रुत उपासिकांत अग्र कोण? खुज्जुत्तरा, ही कोसंबीच्या राणी सामावतीची दासी होती, असे अट्ठकथा सांगते. ज्या समाजात न्हाव्याला आणि दासीला कोणी नावाने हाक मारीत नसे, तेथे त्यांची नावे भर संघात घेतली गेली. याला मी नुसते कौतुक म्हणणार नाही. जन्माने बांधून दिलेली उतरंड मोडण्याचे ते काम होते.

त्याच निकायात आळवी नगरीच्या हत्थक नावाच्या उपासकाची गोष्ट आहे. ती मला फार आवडते. भगवंतांनी भिक्षूंना सांगितले की हत्थकाच्या अंगी सात आश्चर्यकारक गुण आहेत: तो श्रद्धावान, शीलवान, पापाची लाज बाळगणारा, पापाचे भय धरणारा, बहुश्रुत, दानी आणि प्रज्ञावान आहे. पुढे एक भिक्षू हत्थकाच्या घरी गेला आणि त्याला हे सर्व सांगितले. हत्थकाने काय विचारावे? "भन्ते, हे सांगितले तेव्हा तेथे कोणी शुभ्रवस्त्रधारी गृहस्थ तर नव्हता ना?" नव्हता, असे कळल्यावर त्याला बरे वाटले. भिक्षूने परत येऊन हे भगवंतांना सांगितले तेव्हा ते प्रसन्न झाले आणि म्हणाले की आता हत्थकाचा आठवा गुणही ध्यानात ठेवा: आपले गुण इतरांना कळावेत अशी इच्छा त्याला नाही.

या गोष्टीत दोन माणसे आहेत आणि दोघांची कर्तव्ये वेगळी आहेत, हे नीट पाहा. मान न मागणे हे हत्थकाचे कर्तव्य. गुण ओळखून ते चारचौघांत बोलणे हे भगवंतांनी केलेले काम. हत्थक निरिच्छ आहे म्हणून भगवंत गप्प बसले नाहीत. उलट त्याची निरिच्छता कळताच त्यांनी आणखी एक गुण जोडून सांगितला. आम्ही वडीलधारी मंडळी नेमके येथे घोटाळा करतो. हत्थकाचे कर्तव्य तरुणांना शिकवितो आणि आपल्या वाट्याचे विसरतो. त्या मुलीला मी निरिच्छतेचा पाठ दिला तेव्हा माझ्या घरातल्या खुर्चीवर आदल्या दिवशीची शाल पडली होती.

आपल्या समाजाला हा प्रश्न आणखी एका कारणाने झोंबला पाहिजे. फळाची आशा न धरता सेवा करा, हा उपदेश आपल्या आजोबा-पणजोबांना काही नवीन नव्हता. महारकी म्हणजे दुसरे काय होते? सरकारी खजिना पोचवा, निरोप घेऊन दहा कोस जा, मेलेले ढोर ओढा, आणि दारोदार भाकर मागा. ना वेळेचे मोल, ना आभाराचा शब्द, ना नको म्हणण्याची सोय. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले ते हे जोखड काढण्यासाठी. ती वतने कायद्याने नष्ट होण्यासाठी १९५८ साल उजाडावे लागले. वेठ आणि सेवा यांत बाहेरून पाहता फरक दिसत नाही. दोन्हीकडे माणूस फुकट राबतो. फरक एवढाच की सेवा करणारा स्वतः होऊन येतो, तो नाही म्हणू शकतो, आणि त्याचे काम त्याच्या नावाने ओळखले जाते. ही शेवटची गोष्ट काढून घेतली की सेवा वेठीकडे सरकते. ती विहारात केली म्हणून सुटका होत नाही. आणि आपल्याकडे ती बहुधा मुलींच्या बाबतीत सरकते. विहार झाडायचे, खीर शिजवायची, लहान पोरे सांभाळायची ती मुलींनी, आणि माईक धरायचा मुलग्यांनी, ही वाटणी कोणत्या धम्मात लिहिली आहे?

आता शीलाची गोष्ट. आपण रोज पंचशील म्हणतो. दुसरे शील काय आहे? न दिलेले घेण्यापासून मी अलिप्त राहीन. पैसा, दागिना, शेतातले कणीस एवढ्यापुरताच याचा अर्थ आपण धरतो. परंतु त्या मुलीच्या तीन वर्षांच्या संध्याकाळी तिने मुलांना दिल्या होत्या. समितीला दिल्या नव्हत्या. समितीने खडूसुद्धा घेऊन दिला नव्हता. तो वर्ग मी समितीच्या नावावर लिहिला. जे मला दिलेले नव्हते ते मी घेतले, आणि चौथे शीलही त्याबरोबर मोडले. शाल न देणे ही कदाचित चूक ठरेल. श्रेय उचलणे हा शीलभंग आहे. हे दोन वेगळे ओळखले तर बराच गोंधळ मिटतो. "मला मान द्या" म्हणणाऱ्या तरुणाला आपण समजावून सांगू शकतो. "माझे काम माझे होते एवढे खरे सांगा" म्हणणाऱ्यापुढे मान खाली घातली पाहिजे.

कोणी विचारील, बाबासाहेबांनी तर विभूतिपूजेला विरोध केला होता. केला होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी राजकारणातील भक्तीचा धोका स्पष्ट सांगितला. म्हणूनच मी म्हणतो की तरुणांचे फोटो फ्लेक्सवर मोठे करून चौकात टांगणे ही कदर नव्हे. उद्याच्या पुढाऱ्याची ती आजची जाहिरात असते आणि पुष्कळदा काम सुरू होण्याआधीच लागते. शाल-श्रीफळाची प्रथाही आपण सोडलेल्या घरातून उचलून आणली आहे. बौद्ध उपासकाच्या हाती नारळ देऊन आपण काय सुचवितो, हे मला अजून समजलेले नाही. आपल्याकडे अनुमोदनाची रीत आहे. चांगले कर्म पाहिले की सर्वांनी मिळून तीन वेळा साधुकार द्यायचा. त्यात मोठेपणा कर्माला मिळतो. दुसऱ्याच्या गुणांनी आनंदित होणे म्हणजे मुदिता, आणि ती ब्रह्मविहारांत गणली आहे. ज्याला साधुकार मिळाला त्याच्या इतकाच तो देणाऱ्याच्या चित्ताला उपकारक आहे. मत्सर तेथे टिकत नाही.

पण साधुकारावर थांबणे म्हणजे केळूसकर गुरुजींनी पुस्तक देऊन घरी निघून जाणे. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. पाणी वाटणारी, रांगा लावणारी, हरवलेली मुले आईबापांकडे पोचवणारी पोरे तुम्ही पाहिली असतील. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली ५ डिसेंबर हा स्वयंसेवकांचा दिन ठरविला. योगायोगाने तो आदला दिवस आहे. त्या रात्री ही पोरे कोठे झोपतात, काय खातात, कामाच्या ठिकाणी रजा मिळाली की खाडा पडला, हे आपण कधी विचारले आहे काय? हत्थकाला भगवंतांनी विचारले होते की एवढा मोठा जनसमूह तू कसा एकत्र ठेवतोस. त्याने उत्तर दिले: दान, प्रिय वचन, हिताचे आचरण आणि समानतेची वागणूक. मला चौथी गोष्ट सर्वांत अवघड वाटते. तरुणाला हार घालणे सोपे आहे. समितीच्या बैठकीत शेजारी बसवून हिशेबाची वही त्याच्यापुढे ठेवणे अवघड. आमच्या समितीत चाळिशीच्या आतला एकही माणूस नव्हता. आणि आम्ही म्हणत होतो की तरुण पुढे येत नाहीत!

बुद्धपौर्णिमेला वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. अहवालातील ते वाक्य चुकीचे होते हे सांगितले आणि वर्ग कोणी, किती वर्षे चालविला ते तिघांची नावे घेऊन वाचले. लोकांनी साधुकार दिला. ती मुलगी त्या वेळी विहारात नव्हती. समितीतील एक-दोघे नंतर माझ्यावर रागावले. चारचौघांत समितीची शोभा केली म्हणाले. त्यांच्याशी माझे अजून फारसे बोलणे नाही.

चार दिवसांनी मी तिच्या घरी गेलो. आई भाकरी थापीत होती. "बसा भाऊ," म्हणाली, आणि मुलीला हाक मारली. मी किल्ली पुढे केली नाही. वर्षभर तिने अभ्यास करावा, वर्गाचे काय करायचे ते तिने आणि त्या दोन मुलांनी ठरवावे, आणि समितीच्या पुढच्या बैठकीला तिघांनी सभासद म्हणून यावे, एवढे सांगितले. तिने थोडा विचार केला. मुलगे रोज वर्ग घेतील, मी फक्त रविवारी येईन, असे ती म्हणाली. मग दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा म्हणाली, "काका, फळा पार गेलाय. आणि खडूचे दोन डबे लागतील."

मी खिशातून वही काढून लिहून घेतले. समितीच्या खर्चात.