सैनिकाचे देणे

मराठीत 'देणे' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. दुसऱ्यास काही अर्पण करणे हा एक. आणि दुसऱ्याचे जे आपल्याकडे निघते ते, म्हणजे ऋण, हा दुसरा. सैनिकी सेवेत अपंगत्व आलेल्या मनुष्यास सरकार जे निवृत्तिवेतन देते ते यांपैकी कोणत्या अर्थाने देणे आहे, याचा निर्णय झाल्यावाचून, तो त्यात वाढ मागू लागला असता त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे हे ठरणार नाही. आम्हां सरकारी नोकरांस हा प्रश्न परका नाही. कारण असे अर्ज कोणाच्या तरी मेजावर येतात, आणि त्यांवर शेरा लिहिणारा हात आमच्यासारख्याचाच असतो.

वाढीची मागणी सैनिकाला शोभत नाही, असे मानणारे पुष्कळ सज्जन आहेत. त्यांत स्वतः सैनिकही आहेत. देशाला जे दिले त्याचा हिशेब मांडू नये, ही त्यांची भावना उदात्त आहे यात शंका नाही. दुखण्याविषयी ब्र काढू नये अशी ज्याला वीस वर्षे शिकवण मिळाली, त्यानेच वैद्यकीय मंडळापुढे बसून गुडघा किती वाकतो, कानाला किती ऐकू येते, रात्री झोप किती लागते हे सांगावे, यात त्याचा जीव संकोचतो. हा संकोच आदरणीय आहे. परंतु धनको संकोचाने गप्प राहिला म्हणून ऋणको ऋणमुक्त होत नाही.

शिवाय 'वाढ' म्हणजे काय हेही पाहिले पाहिजे. अपंगत्व सेवेमुळे आलेले वा सेवेने बळावलेले असावे आणि ते २० टक्के वा अधिक असावे, अशी अट सैन्याच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन नियमांत होती. शरीराची हानी टक्क्यांत तंतोतंत मोजता येत नाही, हे ओळखून १ जानेवारी १९९६ पासून टक्के वरच्या टप्प्यावर नेण्याची पद्धत लागू झाली: ५० च्या आतील ते ५०, त्यापुढे ७५ पर्यंतचे ते ७५, आणि त्याहून अधिक ते १००. पण हा लाभ अपंगत्वामुळे मुदतीपूर्वी सेवेतून मोकळे केलेल्यांपुरता ठेवला गेला. सेवाकाल पुरा करून निवृत्त झालेल्यांसही तो मिळावा, हे डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. म्हणजे दुखरे शरीर घेऊन जो अखेरपर्यंत राबला, तोच तोवर कमी पावत होता. अशाने ५० टक्क्यांचा हिशेब मागितला, तर त्याने अधिक मागितले असे म्हणावे काय?

अपंगत्वाचे कारण कोणते, या वादातही हाच विचार आहे. धर्मवीर सिंग यांच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल तर मनुष्य तेव्हा निरोगी होता असे धरावे. ती सेवेमुळे जडली हे दाखविण्याचा भार सैनिकावर नाही, आणि संशयाचा फायदा त्यालाच मिळावा. त्या प्रकरणी वैद्यकीय मंडळाने नकाराची कारणेही नोंदविली नव्हती. ज्याने भरतीपूर्वी तपासले, ज्याने हव्या त्या ठाण्यावर पाठविले आणि सर्व कागद ज्याच्या कपाटात आहेत, त्यानेच समोरच्याला 'पुरावा आण' म्हणावे, हे न्यायाचे नव्हे.

'पण तो तर चांगला हिंडतो-फिरतो, कमावतो', असाही एक आक्षेप ऐकू येतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. त्या पदकाने त्यांच्या शरीरातील गोळ्यांचा हिशेब कमी झाला काय? पदक हा त्यांचा पुरुषार्थ. जखम हे देशावरील ऋण. एकाची वजाबाकी दुसऱ्यातून करणे म्हणजे पुरुषार्थालाच दंड करणे होय.

तथापि ऋणाचा हा न्याय सैनिकावरही बंधन घालतो. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी नियमावली आली तेव्हा अतिरंजित दाव्यांची बरीच चर्चा झाली. ती सर्वथा निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. फुगवून सांगितलेल्या दुखण्याने खजिन्याचे नुकसान होते ते होतेच. परंतु त्याहून मोठे नुकसान रांगेत मागे उभ्या असलेल्या खऱ्या जखमीचे होते, कारण मंडळाचा विश्वास त्याची पाळी येण्यापूर्वीच संपलेला असतो. म्हणून दुखणे आहे तेवढेच सांगावे. ते लपवू नये आणि फुगवूही नये. वयाबरोबर ते वाढले तर फेरतपासणी मागावी, आणि ती मागताना मान खाली घालू नये.

आणि आम्ही? खोट्या दाव्याची शंका कागद तपासताना जरूर बाळगावी. परंतु अर्जदाराशी बोलण्याच्या रीतीत ती उतरू देऊ नये. मागणी मान्य करण्याजोगी नसेल तर ती नाकारणे हेही आमचे कर्तव्यच आहे. मात्र नकाराखाली त्याचे कारण लिहावे, आणि ते त्याला वाचून समजेल अशा भाषेत लिहावे. ज्याचे देणे लागतो त्याला निदान हिशेब दाखविणे, एवढे तर कोणताही प्रामाणिक ऋणको करतो.