गोड न केलेला चेहरा

फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचं १९५९ सालचं 'क्रुसिफिक्शन' हे तैलचित्र पाहताना पहिल्यांदा नजर वळवावीशी वाटते. क्रुसावरचा तो ख्रिस्त काळा आहे. दात उघडे पडलेले, आणि जाडजूड रेषा अशा की काटे अंगातूनच फुटले आहेत. कॅलेंडरवरचा गोरा, खिळे ठोकले तरी शांत दिसणारा येशू इथे नाही. चित्र आता लंडनच्या टेट संग्रहात आहे.

सूझा गोव्यातल्या साळगावचे. लहानपणी देवीच्या आजारातून वाचले, म्हणून आईने नवसाने सेंट फ्रान्सिस झेवियरचं नाव दिलं. चर्चमधल्या रक्ताळलेल्या मूर्ती पाहतच ते वाढले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन चित्रकारांनी घडवलेली, आतली भावना मोडलेल्या आकारांतून मांडणारी अभिव्यक्तिवादी शैली नाझींमुळे परागंदा झालेले चित्रकार लँगहॅमर आणि संग्राहक श्लेसिंगर यांच्यासोबत मुंबईत पोचली होती. १९४७ साली आरा, बाकरे, गाडे, रझा, हुसेन यांना घेऊन सूझांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा कलावंतांचा गट काढला. पण त्यांच्या ख्रिस्ताची वेदना मला उसनी वाटत नाही. ती साळगावची आहे.

हे मला उरण तालुक्यातल्या जासईत बसून सुचतं, त्याला कारण आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर भागात नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी उभे राहिलेले पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले. त्यांचे नेते होते जासईचेच दि. बा. पाटील. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा पुढे मिळाला, तो या रक्तावर. दरवर्षी १६ जानेवारीला अभिवादन होतं. फोटोला हार घालतात, फोटोतला माणूस इस्त्रीच्या सदऱ्यात सरळ समोर बघत असतो.

घरच्यांना तोच फोटो हवा असतो, आणि तो त्यांचा हक्क आहे. त्यांना माणूस जगताना आठवायचा असतो. पण गावाला, समाजाला तेवढ्यावर थांबता येत नाही. हारामागचा चेहरा हळूहळू देवासारखा होतो, आणि देवाला गोळी का लागली हे कोणी विचारत नाही. सूझांनी ख्रिस्ताला विद्रूप केलं असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच: विद्रूप खिळ्यांनी केलं, सूझांनी ते झाकलं नाही. माझ्या लेखी याहून मोठा आदर नाही.

इथल्या आगरी-कोळी घरांतून आज मुलंमुली चित्रकला शिकायला जातात. त्यांना माझी विनंती आहे: तो जानेवारी रंगवायला घ्या. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, चिखल, खाडी, पळापळ सगळं येऊ द्या. फक्त चेहरे गोड करू नका.