कूतचे कैदी

लढाईत पडलेल्याचा पोवाडा होतो. कैदेतून निसटलेल्याचाही होतो, आग्र्याहून सुटका तर शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते. पण जो पकडला गेला, निसटू शकला नाही, लढताना मेलाही नाही आणि परमुलखात दोन-अडीच वर्षं दगडमाती उपसत राहिला, त्या शिपायाला मनात कुठली जागा द्यायची हे आपण कधी ठरवलंच नाही. इराकमधल्या कूत-अल-अमाराचं नाव महाराष्ट्राला जवळजवळ ठाऊक नाही, त्याचं मला वाटतं हेच कारण आहे. पहिल्या महायुद्धात तिथे तुर्कांना शरण गेलेल्या ब्रिटिश हिंदी सैन्याचं नाव तर सहावी पुणे डिव्हिजन. त्यात १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फन्ट्री होत्या, ११७ मराठा होती, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या तुकड्याही होत्या. सातारा-रत्नागिरीकडच्या शेतकऱ्यांची ही मुलं.

नोव्हेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंड ही डिव्हिजन घेऊन बगदादवर चालून गेला. टेसिफोनला जबर मार खाऊन तिला मागे फिरावं लागलं आणि टायग्रिसच्या वळणावरच्या कूत गावात ती अडकली. वेढा १४७ दिवस चालला. आत धान्य किती आहे याचा नीट हिशेब न करताच टाउनशेंडने आपण फार दिवस तग धरू शकणार नाही असं कळवलं. त्यामुळे सोडवायला निघालेलं सैन्य तयारी पुरी व्हायच्या आतच तुर्कांच्या मोर्चांवर धडकलं. वेढा फोडायच्या एकूण प्रयत्नांत त्या सैन्याचे सुमारे २३,००० जण मेले किंवा जखमी झाले. मागाहून कूतच्या घराघरांतून दडवलेलं धान्य निघालं. चूक सेनापतीची होती, पण तिची किंमत अशा माणसांनी मोजली ज्यांना नकाशाही कुणी दाखवला नव्हता.

या वेढ्यातली एक गोष्ट इंग्रजी इतिहासांत हटकून येते. धान्य संपत आलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्लं, बहुसंख्य हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे नाकारलं. स्कर्व्हीने त्यांच्या हिरड्या सुजल्या, पहाऱ्यावर उभं राहण्याचं बळ उरलं नाही. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तारेने परवानगी मागवली गेली, तरी अनेकजण बधले नाहीत. हे सारं अडाणी हट्ट म्हणून सांगितलं जातं, आणि ते वाचताना मला दरवेळी राग येतो. त्या शिपायाच्या जागी उभं राहून पाहा. तारेतली परवानगी साहेबाच्या कागदावर होती. गावच्या पंचांनी ती थोडीच दिली होती? उद्या सुटून घरी गेलो आणि कुणी बोललं, तर वाळीत पडायचं आपण, बहिणीचं लग्न मोडायचं आपलं. साहेब काही मध्यस्थीला येणार नव्हता. भुकेने मरणं आणि जिवंतपणी गावाबाहेर जाणं यांतलं काय वाईट, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न होता. शेवटी एप्रिलमध्ये बहुतेकांनी ते मांस खाल्लं. पण तोवर शरीरं पोखरली गेली होती आणि पुढचा प्रवास त्याच शरीरांनी करायचा होता.

२९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या हाती गेली. शुमरानच्या छावणीत त्यांना दगडासारखी कडक बिस्किटं मिळाली. उपाशी पोटांना ती सोसली नाहीत आणि हगवणीने माणसं मरू लागली. समाऱ्याला रेल्वेचे रूळ संपत. तिथून शिपायांनी तिक्रीत, मोसुल, नुसैबिनमार्गे रास-अल-ऐनकडे पायी जायचं. भाकरीसाठी कैद्यांनी अंगावरचे कपडे विकले, बूटही विकले, आणि मग मे-जूनच्या त्या उन्हात अनवाणी चालले. मागे पडला त्याला पहारेकऱ्याचे फटके. वाचले त्यांतल्या बहुतेक हिंदी कैद्यांना रास-अल-ऐन भागात बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं गेलं. त्याच ठिकाणी आर्मेनियन निर्वासितांची कत्तल नुकतीच झाली होती. तुर्की राज्य स्वतःच्या शिपायालाही धड पोसत नव्हतं, हे खरं आहे. प्रत्येक मरण मुद्दाम घडवलेलं नव्हतं. पण ज्याला ताब्यात घेतलं त्याच्या जिवाची हेळसांड करणं हाही गुन्हाच.

कैदेत सगळे सारखे होतात, असा एक भाबडा समज असतो. कूतचे कैदी तो खोटा पाडतात. १९०७ च्या हेग कराराने कैद्यांकडून काम करून घ्यायला मुभा दिली होती, मात्र अधिकारी वगळून. म्हणजे भेदाला कायद्याचाच आधार. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. त्याचे शिपाई मरत असताना, त्याच १९१६ साली, त्याला 'सर' किताबही मिळाला. नंतर तो ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेला.

आठवणी कुणाच्या उरल्या, हेही पाहण्यासारखं आहे. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरच्या शिशिर सर्वाधिकारी यांची या कैदेवरची हकिगत १९५७ मध्ये पुस्तकरूपाने आली. कूतच्या वेढ्यातले डॉक्टर कल्याण मुखर्जी १९१७ मध्ये रास-अल-ऐनला वारले. त्यांच्या आजीने, मोक्षदादेवींनी, नातवाच्या पत्रांवरून त्याचं चरित्र लिहिलं. बंगालचे हे दोघे लिहू शकत होते, त्यांच्या घरच्यांना कागदाचं मोल माहीत होतं. मराठा पलटणीतला शिपाई बहुधा पत्रसुद्धा दुसऱ्याकडून लिहवून घेई, आणि तेही सेन्सॉरच्या हातून जाई. त्याचं दुःख कमी नव्हतं, ते कागदावर उतरलं नाही इतकंच. हा फरक आपण विसरलो की लिहिणाऱ्यांची कैद हीच सगळ्यांची कैद होऊन बसते.

इराकमधल्या बसरा स्मारकावर या मोहिमेतल्या ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. तिथे ब्रिटिश सैनिक नावानिशी आहेत, हिंदी अधिकारीही. हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीचं नाव आणि खाली एक आकडा. नावं माहीत नव्हती असं मुळीच नाही. कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवह्यांत अनेक शिपायांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव, जिल्हा व्यवस्थित लिहिलेला आहे. दगडावर ती कोरायची नाहीत, असं कुणीतरी ठरवलं होतं.

जिवंत परतलेल्यांची तर तेवढीही दखल नाही. ते घरी आले त्या सुमारास मुंबई इलाखा इन्फ्लुएन्झाने आणि दुष्काळाने खचला होता. घरोघर माणसं गेलेली, कैदेची गोष्ट ऐकायला सवड कुणाला असणार? आजही एखाद्या घरात 'पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले होते' एवढंच सांगतात आणि विषय तिथेच थांबतो. तो थांबू देऊ नये. पलटण कोणती होती आणि १९१६ च्या एप्रिलात पणजोबा कुठे होते, एवढं तरी विचारावं. जे परतले नाहीत त्यांचा बाकीचा माग युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवह्यांतून काढता येतो.