लेकराला दिलेला शब्द

शाळांना सुट्ट्या लागल्या की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या अंगणात एकच विषय निघतो. लहान मुलांना न्यायचे कोठे? कोणी सिद्धार्थ उद्यान सुचवतो, कोणी पाणचक्की, कोणी बीबी का मकबरा. ज्यांच्याकडे गाडी आहे ते वेरूळ, दौलताबाद, पैठण अशी नावे घेतात. आपल्या छत्रपती संभाजीनगरमध्ये जागांना तोटा नाही. आज आम्हांला त्या जागांच्या आधी येणाऱ्या एका गोष्टीविषयी बोलायचे आहे. तेथे नेण्याचे आपण मुलांजवळ कबूल करतो, त्या शब्दाविषयी.

प्रश्न साधा आहे. चार वर्षांच्या लेकराला दिलेला शब्द मोठ्या माणसाला दिलेल्या शब्दाइतकाच पाळायला हवा काय? साहेबांना दहाला येतो म्हटले तर आपण पावणेदहाला पोहोचतो. लेकराला "रविवारी नेतो" म्हटले आणि रविवार तसाच गेला, तर आपल्याला फारसे काही वाटत नाही. हा फरक बरोबर आहे काय?

आधी आमचीच चूक सांगतो. आमचा मुलगा चार वर्षांचा होता. घरात एकाची कंपनीत शिफ्ट, दुसरीची शाळेत नोकरी. मुलाला सिद्धार्थ उद्यानातला वाघ बघायचा होता. "रविवारी जाऊ," असे आम्ही सांगितले. त्या रविवारी ओव्हरटाइम लागला. पुढच्या रविवारी पाहुणे आले. तिसऱ्या रविवारी कोणतीच अडचण नव्हती, पण आम्ही थकलो होतो आणि दुपारभर झोपून राहिलो. दर आठवड्याला तो विचारायचा, "रविवारी नक्की?" आणि आम्ही म्हणायचो, "नक्की." मग एके दिवशी त्याने विचारणे बंद केले. आम्हांला हायसे वाटले. लेकरू समजूतदार झाले, असे आम्ही शेजारीपाजारी कौतुकाने सांगितलेही.

महिनाभराने त्याची धाकटी बहीण उचलून घ्या म्हणून रडत होती. स्वयंपाकघरातून आवाज गेला, "पाच मिनिटांत घेते हं तुला." तेव्हा तो तिच्याजवळ बसून म्हणाला, "ते नुसतं म्हणायचं असतं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. दूध गरम आहे, हात लावू नको, असे सांगावे तितक्या सहज त्याने ते सांगितले. तो समजूतदार झालेला नव्हता. आईवडिलांच्या शब्दाला काय किंमत असते ते तो शिकला होता आणि तो धडा आता बहिणीला देत होता.

त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ बोलत बसलो. आपल्या बाजूने जेवढी कारणे सुचली तेवढी आम्ही मांडून पाहिली. पहिले कारण म्हणजे लहान मुले विसरतात. खरे तर ती विसरत नाहीत, पण क्षणभर मानू की विसरतात. किराणा दुकानदार आपली उधारी वहीत लिहायला विसरला, तर आपले देणे फिटते काय? देणे त्याच्या आठवणीत नसते, ते आपल्यावर असते.

दुसरे कारण म्हणजे मोठ्यांच्या अडचणी. या खऱ्या असतात. ज्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसतेच, ज्यांना सुट्टीच्या दिवशीही कामावर बोलावले जाते, त्यांना आम्ही काय सांगावे? पण आमच्या तीन रविवारांपैकी एकच रविवार ओव्हरटाइमचा होता, हेही आम्हांला कबूल करावे लागले.

तिसरे कारण सर्वांत अवघड आहे, कारण ते प्रेमातून येते. पहाटे लेकरू झोपेत असताना बाप घराबाहेर पडतो आणि रात्री ते झोपल्यावर परत येतो. त्याच्या हातात द्यायला फारसे काही नसते, म्हणून तो शब्द देतो. "मोठा झालास की सायकल घेऊ." "पगार झाला की जाऊ." तेवढ्यावर लेकराचा चेहरा फुलतो आणि बापाचाही थकवा जातो. अशा बापाला खोटारडा म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तरीही एवढे म्हणू, की त्या क्षणीचा आनंद उधारीवर घेतलेला असतो आणि फेडण्याची वेळ येते तेव्हा लेकरू एकटेच दाराशी उभे असते.

विचार करता करता आम्ही ज्या ठिकाणी पोहोचलो ते असे. मोठा माणूस आपल्याला जाब विचारू शकतो, भांडू शकतो, पुन्हा आपल्याशी व्यवहार करणार नाही असे म्हणू शकतो. लेकराजवळ यांपैकी काहीच नसते. दुसरे आईबाप शोधण्याची सोय त्याला नाही. म्हणून त्याला दिलेला शब्द हलका ठरत नाही, उलट जास्त जड होतो. ज्याला वसुली करता येत नाही त्याचे देणे आधी फेडावे, हाच प्रामाणिकपणा. वसुलीला दारात उभा राहणाऱ्याचे देणे तर कोणीही फेडतो.

या गोष्टीचा परिणाम मुलांच्या वागण्यावर लगेच दिसतो. अमेरिकेत पन्नासेक वर्षांपूर्वी वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांवर एक प्रयोग केला होता, तो पुढे फार गाजला. मुलासमोर मिठाई ठेवायची आणि सांगायचे, की मी परत येईपर्यंत थांबलास तर आणखी मिळेल. जी मुले थांबतात त्यांच्यात संयम जास्त, असा अर्थ लोकांनी काढला. मग रोचेस्टर विद्यापीठातील सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगात एक बदल केला. त्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३ ते ५ वर्षांची २८ मुले होती. चित्रे काढण्यासाठी चांगले साहित्य आणून देतो, असे सर्व मुलांना आधी सांगण्यात आले. १४ मुलांना ते खरोखर आणून दिले. बाकीच्या १४ मुलांना क्षमा मागून, ते साहित्य आमच्याकडे नाहीच, असे सांगितले. त्यानंतर प्रत्येकासमोर साखरेची एक मऊ मिठाई ठेवली आणि थांबलात तर दुसरी मिळेल असे सांगितले. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांचा शब्द मोडला होता ती सरासरी ३ मिनिटे. पूर्ण १५ मिनिटे थांबणारी मुले पहिल्या गटात ९ होती, दुसऱ्या गटात फक्त एक.

म्हणजे आपण ज्याला हट्टीपणा म्हणतो, तो पुष्कळदा लेकराचा हिशेब असतो. "नंतर मिळेल" या शब्दावर विश्वास नसेल तर आत्ताच घेतलेले बरे, असे ते समजते. यात त्याचे काय चुकले? "जरा धीर धर" असे आपण मुलांना दिवसातून दहा वेळा सांगतो. धीर धरायला विश्वास लागतो आणि तो आपण द्यायचा असतो.

मग दिलेला प्रत्येक शब्द काहीही झाले तरी पाळायचाच काय? तसेही नाही. शुभवर्तमानात हेरोद राजाची गोष्ट आपण ऐकलेली आहे. मुलीच्या नाचावर खूश होऊन त्याने भर मेजवानीत तिला मागशील ते देतो असे वचन दिले, आणि पाहुण्यांसमोर मान जाऊ नये म्हणून बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा जीव घेतला. त्याने शब्द पाळला, आणि पाळायला नको होता. त्याची पहिली चूक विचार न करता शब्द देण्यात होती. शेजारी कोणी आजारी पडले आणि त्यांना घाटी रुग्णालयात न्यायचे असेल, तर बागेचा बेत मोडलाच पाहिजे. लेकरालाही ते कळते, फक्त त्याला खरे कारण सांगायला हवे.

मत्तयच्या शुभवर्तमानात दोन मुलांचाही दृष्टान्त आहे. एकाने द्राक्षमळ्यात जायला नकार दिला, पण नंतर तो गेला. दुसरा जातो म्हणाला आणि गेला नाही. तेथे बोलतात मुले आणि वाट पाहतो बाप. आपल्या घरात पुष्कळदा जातो म्हणणारे आपण असतो आणि वाट पाहणारे लेकरू असते.

आता रोजच्या उपयोगाच्या काही गोष्टी. आम्ही त्या चुकत चुकत शिकलो आहोत.

१. "बघू" आणि "नक्की" हे दोन शब्द वेगळे ठेवा. आपल्या घरांत "बघू" म्हणजे नाही, हे मुलांना दुसऱ्या वर्षीच कळते. जमणार नसेल तर सरळ "नाही" म्हणा. लेकरू रडेल आणि थांबेल. "नक्की" हा शब्द मात्र जपून वापरा.

२. शब्द देण्याआधी माहिती काढा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. ज्यांना मंगळवारी सुट्टी असते त्यांनी वेरूळचे कबूल करू नये. दौलताबादच्या किल्ल्याला शेकडो पायऱ्या आहेत. मे महिन्यात चार वर्षांच्या मुलाला "वरपर्यंत जाऊ" असे सांगणे म्हणजे ते मोडणार हे आधीच ठरवणे होय. खर्चाचाही हिशेब करा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, त्यामुळे मकबरा किंवा वेरूळला मुख्य खर्च येण्याजाण्याचा आणि मोठ्यांच्या तिकिटाचा असतो.

३. लहान आणि जवळचे कबूल करा. पाणचक्कीला जाऊन तासभर बसता येते. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणून त्याच्या जोरावर जाते कसे फिरवत असत, हे तेथे मुलांना दाखवता येते. दिल्ली दरवाजाजवळच्या सलीम अली सरोवराच्या बाजूने जाताना पक्षी मोजता येतात. तेही जमत नसेल तर संध्याकाळी गच्चीवर चांदण्या बघणे, नळाला पाणी येईल त्या दिवशी लेकराच्या हाताने एक लहान कळशी भरून घेणे, चपातीच्या कणकेची चिमणी करणे हेही चालते. लेकरू जागेची मोठी किंमत करत नाही. सांगितलेले झाले की नाही, एवढेच ते पाहते.

४. लेकराच्या भाषेत दिवस सांगा. चार वर्षांच्या मुलाला "येत्या रविवारी" समजत नाही. "तीन वेळा झोपून उठलास की" असे सांगा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला त्याच्याच हाताने गोल काढून घ्या. मग आपल्यालाही विसरता येत नाही.

५. धमकी हाही शब्दच आहे. "इथेच सोडून जाईन", "पोलीस धरून नेतील", "फादर रागावतील हं" असे म्हणू नका. बिचारे फादर मिस्सानंतर हसत हात पुढे करतात आणि लेकरू आईच्या पदराआड लपते, त्याचे कारण आपणच असतो. दवाखान्यात "काही दुखणार नाही" असे सांगण्यापेक्षा "थोडे दुखेल, मी हात धरून ठेवते" असे सांगा. पुढच्या वेळी लेकरू तुमच्या बोलण्यावर विश्वास ठेवील.

६. शब्द मोडावा लागला तर त्याच दिवशी, लेकरासमोर बसून, क्षमा मागा. खरे कारण सांगा आणि नवा दिवस त्याच्यासमोर ठरवा. चॉकलेट किंवा मोबाईल हातात देऊन विषय मिटवू नका. त्याने रडणे थांबते, पण देणे तसेच राहते.

आमच्या वाघाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. त्या आठवड्यात एक दिवसाची रजा टाकून आम्ही सिद्धार्थ उद्यानात गेलो. आदल्या रात्री मुलाची क्षमा मागितली होती. त्याने ती ऐकून घेतली आणि काही बोलला नाही. वाघ आमच्याकडे पाठ करून झोपला होता. अर्धा तास आम्ही त्याची पाठच पाहिली. आता सर्व ठीक झाले असे आम्हांला वाटले, पण तसे झाले नाही. पुढे कितीतरी दिवस आम्ही काही कबूल केले की तो नुसती मान हलवायचा. एका फेरीने तीन रविवार भरून निघत नाहीत. आम्ही लहानलहान गोष्टी कबूल करत राहिलो आणि पाळत राहिलो. मग पावसाळ्यात केव्हातरी, संध्याकाळी कांदाभजी करू असे आम्ही म्हणालो, तेव्हा त्याने मान वर करून विचारले, "नक्की?"

विचारणे हा त्रास नसतो, हे आम्हांला तेव्हा कळले. जो विचारतो त्याला अजून आशा असते.

प्रिय पालकांनो, आज घरी जाताना तुमचे लेकरू काही विचारील. उत्तर देण्याआधी क्षणभर थांबा. जमणार असेल तरच "नक्की" म्हणा आणि घरी पोहोचल्याबरोबर कालनिर्णयवर गोल काढा.